सात नंबरखालची ओल

आमच्या कंपनीत माणसं टिकत नव्हती आणि सात नंबरच्या प्रेसखालची ओल जात नव्हती. माणसांसाठी मालकांनी पुण्याहून प्रतिभा मॅडमना आणलं. ओलीसाठी मेंटेनन्सवाल्यांनी फरशी उकरून बघितली, सिमेंट भरलं, वरून कसलंसं काळं रसायन फासलं. आठवडाभरात ओल परत हजर. पाण्याची पाइपलाइन त्या बाजूला नाही, पत्रा गळत नाही, प्रेसला तेल लागतं पण पाणी लागत नाही. मग पाणी येतं कुठून? शेवटी त्यांनी नाद सोडला आणि तिथं एक गोणपाट टाकून दिलं.

मी मोहिनी, तिथं इन्स्पेक्शनला होते. प्रेसमधून निघालेला माल गेजवर लावून बघायचा, चांगला एकीकडे, बाद एकीकडे. माझं टेबल सात नंबरला अगदी लागून होतं. झाडलोट आणि चहा बघणारी कलाबाई सोडली तर अख्ख्या शेडमध्ये मी एकटी बाई. मला सगळ्यांच्या सगळ्या गोष्टी कळतात असा तिथल्या बाप्यांचा समज होता, आणि तो खराच होता. फक्त एक गोष्ट मला दहा वर्षं नाकासमोर असून कळली नाही.

सात नंबरवर दत्तूभाऊ मंडलिक. अंबडच्या शिवारात एमआयडीसी आली तेव्हा ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्यातले. माळ्यांचं घर, वांगी-गिलके आणि झेंडूवाले. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती यांनी घेतली. त्यांच्या बरोबरचे कधीच पांगले. कोणी रिक्षा घेतली, कोणी सटाण्याकडे कांद्याच्या व्यापारात शिरलं. हे मात्र त्या एकाच प्रेसवर. सुपरवायझर व्हा म्हटलं, नको म्हणाले. नवीन मशीन आलं, त्यावर या म्हटलं, नको. रजा म्हणाल तर तीही घेत नसत. तापानं फणफणलेले असले तरी येऊन उभे.

सकाळी शिफ्टला आले की आधी प्रेसच्या अंगावर तळहात ठेवायचे आणि हळूच म्हणायचे, "आलो गं."

मी सुरुवातीला खूप चिडवलं. "दत्तूभाऊ, मशीन बाई आहे काय?"

"हाय ना," ते म्हणायचे आणि पेडलवर पाय ठेवायचे. यापुढे बोलणं नाही. घरी बायको नाही, म्हातारी आई गेल्यावर घरात कोणीच नाही, तेव्हा माणूस लोखंडाशी बोलायचाच, असं मी धरून चालले होते.

प्रेस शॉपचं काम बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. पत्र्याचा तुकडा हातानं साच्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचा, पायानं पेडल दाबायचं, की वरून हत्तीच्या पायाएवढा लोखंडी ठोकळा खाली येतो आणि पत्र्याचा आकार होतो. दिवसभर हेच. क्लच जुना झाला की कधीकधी प्रेस डबल मारतो, म्हणजे पेडल न दाबता दुसऱ्यांदा खाली येतो. तेव्हा हात आत असेल तर बोटं राहत नाहीत. आमच्याकडे हात मिळवताना समोरच्याची बोटं कमी लागली तरी कोणी दचकत नाही. शेडमधल्या प्रत्येक प्रेसनं कोणा ना कोणाचं काही ना काही घेतलेलं होतं. सात नंबरनं मात्र कोणाचं नखसुद्धा घेतलं नव्हतं. दुसऱ्या शिफ्टला त्याच्यावर पोरंटोरं असायची, निष्काळजी, गप्पा मारत काम करणारी. तरी नाही.

"तिथं कोनीतरी बसलंय, मोहिनीताई," कलाबाई म्हणायची. "मी झाडू मारते तर गोनपाटाला झेंडूचा वास येतो. जून महिन्यात कुठला आलाय झेंडू?"

"तुझ्या नाकात असेल," मी म्हणायचे. भुताखेतांचा मला कंटाळा होता. जिवंत माणसांचा त्रास काय कमी होता?

प्रतिभा मॅडम आल्या त्या सिंहस्थाच्या वर्षी, २००३ साली. मनानं चांगली बाई, हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही तिच्यावर उखडाल. पर्सोनेल डिपार्टमेंटला त्यांनी एच.आर. म्हणायला लावलं. भिंतीवर 'कंपनी माझं घर' असे फलक लावले. नवी पोरं चार-सहा महिने काम शिकून पुण्याला पळायची, ते त्यांना थांबवायचं होतं. मग त्यांनी एकेकाला केबिनमध्ये बोलावून विचारायला सुरुवात केली, "तुमच्या कामात तुम्हाला काय अर्थ वाटतो?" पोरं बाहेर येऊन एकमेकांना हाच प्रश्न विचारून खिदळायची.

दत्तूभाऊंना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मला इथं यावंच लागतं, मॅडम."

"का यावं लागतं?"

"नाय आलं तर करमत नाय."

झालं. मॅडमचे डोळे भरून आले म्हणे. जे औषध त्या शोधत होत्या ते त्यांना या माणसात दिसलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुद्दाम शेडमध्ये येऊन उभ्या राहिल्या. दत्तूभाऊंनी प्रेसवर हात ठेवला आणि ते पुटपुटले. मॅडमनी ऐकलं. पंधरवड्यात गेटवर मोठा फलक लागला. सात नंबरशेजारी ओशाळून उभे असलेले दत्तूभाऊ आणि खाली लाल अक्षरात 'आलो!' येणाऱ्या-जाणाऱ्यानं तो बघायचा आणि कामावरची निष्ठा शिकायची. दत्तूभाऊ गेटमधून येताना मान खाली घालून यायचे, ते फलक दिसू नये म्हणून.

ऑगस्टमधली गोष्ट. दुपारी पाऊस लागलेला, माल तातडीनं पाठवायचा होता आणि सात नंबरच्या साच्यात एक तुकडा अडकला. दत्तूभाऊ चिमटा आणायला टूलरूममध्ये गेले. माझा स्वभाव असा की मला थांबवत नाही. तुकडा तर दिसतच होता, दोन बोटांत येईल असा. मी हात घातला.

पेडलवर कोणाचाही पाय नव्हता. क्लचचा खट्ट आवाज झाला तो मी ऐकला, आणि त्याच क्षणी कोणीतरी माझं मनगट धरलं. गार, ओला हात. बोटं बारीक, पण पकड अशी की पाण्याचा भरलेला हंडा ओढून काढणाऱ्या बाईची असावी. काचेच्या बांगड्या वाजल्या. मी मागे फेकले गेले आणि ठोकळा धाडकन खाली आला.

मी फरशीवर बसलेली. माझ्या हातात घड्याळ होतं, बांगडी नव्हती. मनगटावर चार बोटांचे लाल वळ, आणि बाहीपर्यंत पाणी.

दत्तूभाऊ चिमटा घेऊन धावत आले होते. पण ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डाव्या बाजूला, जिथं कोणीच नव्हतं, तिथं बघत होते.

"धरलं ना तिनं?" ते म्हणाले.

"कोणी?"

"आशानं. माझ्या बायकोनं."

त्यांनी प्रेस बंद केला. मला स्टुलावर बसवलं, कलाबाईकडून चहा आणवला आणि ओलीवर टाकलेल्या गोणपाटाशेजारी उकिडवे बसून सांगितलं. त्यांचा आवाज अगदी साधा होता, काल बाजारात काय झालं ते सांगावं तसा.

"इथं आमची हीर होती. बरोब्बर इथं. ही शेड, ती समोरची कंपनी, सगळा आमचा झेंडू. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, भल्या पहाटं तोडा करायचा, फुलांच्या पाट्या हिरीत बुडवून काढायच्या, वरून ओलं गोनपाट टाकायचं आन् बाजार गाठायचा. पाट्या बुडवायचं काम दोघांचं. एकानं पायरीवर उभं राहायचं, दुसऱ्यानं त्याचा हात धरायचा. हिरीच्या पायऱ्या शेवाळलेल्या. आमच्यात तसंच करायचे, माझा बाप बहिरू आन् आईबी तसंच करायची. तिनं मला हाक मारली. मी बांधावर माळा ववत होतो. 'आलोच' म्हनलो. म्हनलं, एवढी माळ संपवून जाऊ. तिनं परत हाक मारली, मी परत 'आलोच' म्हनलो. मंग हाक आली नाय."

मी चहा तसाच धरून बसले होते.

"गेलो तर सगळ्या पाट्या उलटलेल्या. सगळं पानी फुलांनी झाकलेलं, मोहिनीताई. पिवळंधमक. ती कुठं हाय तेच दिसंना. मी फुलं बाजूला करतोय, ती परत गोळा होत्यात. फुलं बाजूला करतोय, ती परत गोळा होत्यात."

नंतर जमीन गेली. विहीर बुजवली, त्यावर शेड उभी राहिली, आणि बरोबर त्याच जागी सात नंबरचा पाया आला. दत्तूभाऊंनी नोकरीत हाच प्रेस मागून घेतला. "दुसरं काय मागू? तिला इथं एकटीला टाकून कुठं जाऊ? एकदा उशीर केला. आता रोज वक्तावर येतो आन् सांगतो तिला, आलो म्हनून."

मला भीती वाटली का? वाटली. घरी जाऊन मी मनगटाला साबण लावून लावून धुतलं, आणि झोपताना वास घेतला तर झेंडूच. रात्रभर दिवा चालू ठेवला. पण दुसऱ्या दिवशी कामावर गेले, आणि खरं सांगायचं तर जायला बरं वाटलं. माझी दहाच्या दहा बोटं गेज धरत होती. शेजारी कोणीतरी आहे आणि ते आपल्या हातांवर लक्ष ठेवून आहे, असं मला घरीही कधी वाटलं नव्हतं. कलाबाईला सांगितलं तर ती फणकाऱ्यानं म्हणाली, "मी कवाची सांगते, तवा माझ्या नाकात वास होता."

कंपनीनं त्याच वर्षी इगतपुरीच्या वाटेवर, गोंद्याला नवा प्लांट काढला होता. तिथं पोरांना शिकवायला ट्रेनिंग सेंटर होणार होतं. प्रतिभा मॅडमच्या डोक्यात तिथल्या मुख्य शिक्षकाचं नाव कधीच पक्कं झालेलं. इतकी वर्षं अपघात न झालेला प्रेस आणि त्याच्यावरचा निष्ठावान माणूस, आणखी काय पाहिजे? त्यांनी दत्तूभाऊंना बोलावलं. ऑफिसर ग्रेड, न्यायला-आणायला गाडी. दत्तूभाऊ हात जोडून म्हणाले, "मला इथंच राहू द्या."

मॅडमना वाटलं, संकोचतायत. पुन्हा बोलावलं. पुन्हा तेच. मग मला बोलावलं.

"मोहिनी, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या शेजारी आहात. काय अडचण आहे त्यांची?"

काय सांगणार होते मी? ज्या बाईच्या टेबलावर माणसांच्या मनाचे रंगीत तक्ते पसरलेले, तिला फरशीखालची विहीर कशी सांगायची? आणि ती गोष्ट माझी नव्हती, दत्तूभाऊंची होती. मी म्हटलं, "मॅडम, त्यांचा जीव तिथं अडकलाय. त्यांना तिथून हलवू नका, एवढंच सांगते."

मॅडमनी समोरचा तक्ता बाजूला सरकवला. मग हसल्या. ते हसू मी तेव्हा ओळखलं नाही. त्यांना काहीतरी सुचलं होतं.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे काम बंद. मशीन धुवायची, पुसायची, हळदकुंकू लावायचं, हार घालायचा. ज्याचं मशीन त्यानं पूजा करायची. एरवी मशीनला आईबहिणीवरून शिव्या घालणारे त्या दिवशी त्याच्यापुढे नारळ फोडून डोळे मिटून उभे राहतात. दत्तूभाऊंनी प्रेसला हार घातला तो सगळ्यांच्या देखत, रीत म्हणून. मग सगळे पेढे घ्यायला गेल्यावर पिशवीतून ओंजळभर सुटा झेंडू काढून प्रेसच्या बुडाशी, पायाच्या फटीत सारला. दरवर्षी ते हे करत आले असणार. मी दरवर्षी पेढे घ्यायला गेलेली असायचे. या वर्षी मी थांबले, आणि त्यांनी मलाही दोन फुलं दिली. मी ती ओलीवर ठेवली.

पेढे वाटताना मॅडमनी भाषण केलं आणि शेवटी म्हणाल्या, "दत्तूभाऊंना कंपनीकडून एक खास भेट आहे. काय ते दसऱ्याच्या सुट्टीनंतर कळेल!" टाळ्या पडल्या.

सुट्टी संपवून आम्ही आलो. माझ्या टेबलाशेजारी प्रेस नव्हता.

तिथं खड्डा होता. पाया फोडून, बोल्ट कापून, क्रेननं प्रेस उचलून नेला होता, आणि खड्ड्यात पाणी भरलेलं होतं. स्वच्छ, थंड, झऱ्याचं पाणी. काठावर पंप लावून ठेवला होता, तो घरघरत होता आणि पाणी बोटभरही उतरत नव्हतं. फटीत सारलेली खंडेनवमीची फुलं त्या पाण्यावर पसरली होती. सगळं पाणी त्यांनी झाकलं होतं.

दत्तूभाऊ काठावर गुडघ्यांवर बसले आणि हातानं फुलं बाजूला करू लागले. ती परत गोळा होत होती. मी त्यांना धरलं. कलाबाई तोंडात पदर कोंबून उभी होती. पोरं लांबून बघत होती, पण नेहमीसारखं खिदळत नव्हती.

तेवढ्यात प्रतिभा मॅडम आल्या, आनंदानं अगदी फुललेल्या. "दत्तूभाऊ, आता नाही म्हणू नका! तुमचा जीव या मशीनमध्ये आहे ना? म्हणून मशीनच गोंद्याला पाठवलं. तिथं तुमची वाट बघतंय."

दत्तूभाऊंनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. "बाई," ते म्हणाले, मॅडम नाही म्हणाले, "तुम्ही काय केलं हे."

पुढचे दिवस मला आठवायला नको वाटतात. दत्तूभाऊ वेळेवर यायचे, खड्ड्याशी बसायचे, "आलो गं" म्हणायचे आणि कान देऊन थांबायचे. गोणपाट मी हुंगून बघितलं, त्याला नुसता गोणपाटाचा वास. कंत्राटदारानं खडी आणि काँक्रीट ओतलं, तेव्हा पाण्यानं जरासुद्धा कुरकुर केली नाही. वरची नवी फरशी दोन दिवसांत खडखडीत वाळली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती जागा कोरडी झाली होती. मेंटेनन्सवाले खूश.

"बोलंना ती," दत्तूभाऊ मला म्हणाले. ते कोरड्या फरशीवर तळहात ठेवून बसले होते. "गेली. मी परत उशीर केला."

मला रडू आलं आणि रागही आला. मॅडमचा आला, माझाही आला, आणि सगळ्यात जास्त त्या आशाचा आला. एवढी वर्षं या माणसाला खुंटीला बांधल्यासारखं ठेवलंस, आणि जाताना सांगूनसुद्धा गेली नाहीस? मॅडमनी त्यांना हलकं काम दिलं, डॉक्टरकडे पाठवलं, रोज येऊन विचारपूस केली. गेटवरचा फलक मात्र तसाच होता.

दिवाळीच्या जरा आधी गोंद्याहून मंगळू आला. घोटीकडचा, भातशेतीतला गडी, नव्या प्लांटवर नुकताच लागलेला. त्याला आमच्याकडून साच्यांची पेटी न्यायची होती. कॅन्टीनमध्ये चहा पिताना तो कलाबाईला सांगत होता आणि मी पलीकडच्या बाकावर होते.

"मावशी, तो तुमच्याकडचा जुना प्रेस हाय ना, त्याच्यावर कोन मेलंय का वो?"

कलाबाईच्या हातातली किटली थांबली. "का रं?"

"परवा माझा हात आत व्हता, आन् त्यानं डबल मारला. हात गेलाच व्हता. पन कुनीतरी मनगट धरून वढलं. बाईमानूस व्हतं. बांगड्या वाजल्या. वळून बघतो तर कोनीच नाय. आन् खाली ओल. तिथं लय खडक हाय, मावशी, सुरुंग लावून जागा केल्याली, पावसाचं पानीबी ठरत नाय. तरी त्याच प्रेसखाली ओल."

मी चहा तिथंच टाकला आणि धावले. दत्तूभाऊ कोरड्या जागेशी होते. मी त्यांना हाताला धरून कॅन्टीनमध्ये आणलं, मंगळूसमोर बसवलं आणि म्हटलं, "सांग परत. यांना सांग."

त्यानं सांगितलं. दत्तूभाऊंनी फक्त एकच विचारलं. "काचेच्याच ना, बांगड्या?"

"काचेच्याच. माझी आई घालती तशा."

दत्तूभाऊ उठले, तोंडावर पाणी मारलं आणि तसेच मॅडमच्या केबिनमध्ये गेले. "गोंद्याला जातो," म्हणाले. मॅडमना अर्थातच वाटलं की भेट शेवटी मनाला भिडली.

तिथली गेजं लावून द्यायला मलाही चार दिवस पाठवलं, तेव्हा आम्ही एकाच गाडीनं गेलो. मुंबई-आग्रा रोडला लागल्यावर दत्तूभाऊ खिडकीतून बाहेर बघत बसले होते. मांडीवर पिशवी, पिशवीत झेंडू. मधेच म्हणाले, "मला वाटायचं, ती हिरीत अडकलीय आन् मी तिच्यापायी थांबलोय."

मी त्यांच्याकडे वळले.

"तसं नव्हतं, मोहिनीताई. त्या दिवशी पायरीवर तिचा हात धरायला कोनी नव्हतं. म्हनून ती सगळ्यांचे धरती. जिथं हात आत जातात तिथं ती उभी राहती. तिला काम लागलंय." त्यांनी नाक पुसलं. "मीच एक बसलो हिरीशी."

गोंद्याची शेड डोंगराच्या अंगावर. आत नवा रंग, नवी पोरं, सगळीकडे सिमेंटचा कोरडा वास. सात नंबर एका टोकाला उभा होता, त्याच्यावर नवा हिरवा रंग मारलेला, ओळखू न येणारा. दत्तूभाऊ दारातच थांबले. लग्नात नवरा थांबतो तसे, आणि वय पन्नास. पोरं रांगेत उभी राहून नव्या मास्तरांकडे बघत होती.

ते प्रेसजवळ गेले. तळहात ठेवला. काढला, सदऱ्याला पुसला. मग पुन्हा ठेवला.

"आलो गं."

मी खाली बघत होते. कोरड्या ठणठणीत सिमेंटवर, त्यांच्या चपलेपाशी, एक काळसर डाग उमटला आणि हळूहळू पसरला. मी वाकून हात लावला. बर्फासारखं गार पाणी. मी बोटं नाकाशी नेली आणि तशीच बसून राहिले, कारण उठले असते तर पोरांना माझं तोंड दिसलं असतं.

दत्तूभाऊ मागे वळले. "एकेक जन पुढं या," ते पोरांना म्हणाले. "आधी मला तुमचे हात बघू द्या."

चार दिवसांनी मी अंबडला परत आले. माझ्या टेबलाशेजारी आता नवा ऑटोमॅटिक प्रेस होता. त्याला जाळी, दिवे, हात जवळ नेला की आपोआप बंद पडणारं यंत्र. बोटं जायची काही भीतीच नाही. खाली स्वच्छ, कोरडी फरशी. मी सकाळी जाऊन बसायचे, माल तपासायचे, पाच वाजता उठायचे. सगळं ठीक होतं आणि मला तिथं एक क्षणही बसवत नव्हतं. एक दिवस नकळत मी त्या नव्या प्रेसवर हात ठेवून म्हटलं, "आले." मग वाट बघितली. कलाबाई झाडू घेऊन उभी होती, तिनं मान दुसरीकडे वळवली.

मार्चमध्ये मी बदली मागितली. गोंद्याला कोणी जायला तयार नसायचं. लांबचा पल्ला, पावसाळ्यात दहा-दहा दिवस धुकं आणि धो धो, बसचा भरवसा नाही. प्रतिभा मॅडमनी अर्ज बघितला आणि खुर्चीतून उठून माझा हात हातात घेतला. त्यांचे डोळे भरले होते. एवढ्या माणसांत एकीला तरी कामाचा अर्थ सापडला, असं त्या म्हणाल्या, आणि मी नाही म्हटलं नाही, कारण ते खरं होतं.

जाण्याआधी त्यांनी माझा फोटो काढून घेतला. गेटवर दत्तूभाऊंच्या शेजारी आता मी आहे, साडीवर ॲप्रन घालून, हसून बघते आहे. खाली लाल अक्षरात 'आले!' कोणाकडे, ते त्यांनी मला विचारलं नाही.